निमर डोंगरावर आली तो खरीफ

जून सरत आला की मस्कतमध्ये माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "सलालाला कधी जाताय?" अल खौदमधल्या आमच्या इमारतीत तर आठवडाभर तयारी चालते. जिन्यात पाण्याचे कूलर, गाद्यांच्या गुंडाळ्या, शेगडी, कोळशाच्या पिशव्या. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावताना ओढणीचं टोक मध्ये धरावं लागतं. आणि फोनवर तिकडची चित्रं यायला लागतात. हिरवे डोंगर, भुरभुर पाऊस, धुक्यात दिवे लावून रांगत चाललेल्या गाड्या. ओमानच्या पार दक्षिणेला, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या एका डोंगररांगेवर मोसमी ढग येऊन टेकतात. बाकी सगळा देश भाजत असतो. त्या दिवसांना तिकडे खरीफ म्हणतात. आपल्याकडे खरीफ म्हटलं की पीक आठवतं. मला आता धुकंच आठवतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या शिल्पावहिनी पुण्याच्या. परवा दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "झरीनाताई, तुम्ही तर तिकडे राहिला आहात ना? सांगा ना, मुलांना काय काय दाखवू?"

मी सांगितलं. झरे, डोंगरातून उतरणारं पाणी, नारळाच्या नि केळ्यांच्या गाड्या. रस्त्याच्या कडेला गरम दगडांवर भाजलेलं मटण. भाजलेली कणसं.

"आणि बिबट्या असतो म्हणे तिथे? धाकटा मागे लागलाय, बघायचाच म्हणून."

"असतो," मी म्हटलं. "दिसत नाही."

दार लावून आत आले आणि चहा उतू जाईपर्यंत ओट्याशी नुसती उभी राहिले.

आम्ही त्या डोंगरावर राहायला गेलो तेव्हा माझी सना नुकती बोलायला लागली होती. मी श्रीवर्धनकडची, इक्बाल म्हसळ्याचा. सलाला शहराच्या पाठीमागे रस्ता वळणं घेत वर चढतो, तिथे मुसल्लम नावाच्या ओमानी माणसाचं एक दुकान होतं. ते चालवायला त्याला विश्वासाचा माणूस हवा होता. तांदळाची पोती, ट्यूनाचे डबे, बिस्किटं, मोबाइलची कार्डं, गुरांचं खाद्य. दुकानाच्या मागे आमच्या दोन खोल्या. आजूबाजूला चार-पाच घरं, तीही एकमेकांना हाक पोचेल न पोचेल इतकी लांब. मुसल्लम स्वतः खाली शहरात राहायचा, बायकामुलांसह, सरकारी नोकरीत. वर राहायची ती त्याची आई, तुफूल. मुसल्लम तिला यम्मा म्हणायचा म्हणून मीही म्हणायला लागले. ती मला उम्म सना म्हणायची, म्हणजे सनाची आई. माझं खरं नाव तिला कधी लागलंच नाही.

यम्मा उंच होती, वाळक्या फांदीसारखी. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. कपड्यांना कायम लोबानाच्या धुराचा वास आणि हातांना बकऱ्यांचा. दहा बायकांत डोळे मिटून ओळखली असती मी तिला. बकऱ्यांशी ती डोंगरातल्या तिच्या जुन्या भाषेत बोलायची. ती अरबी नव्हे; तिचा एक शब्द मला कधी धड कळला नाही. माझ्याशी मात्र अरबीत बोलायची. तिचीही अरबी शिकलेली, माझीही मोडकी. शब्द दोघींना कमी पडायचे. त्यामुळे आडून आडून बोलणं जमायचंच नाही. भूक लागली, दुखतंय, आई आठवते, मुलगा आला नाही. एवढ्यावर आमची मैत्री तगली.

तिथला पाऊस आपल्यासारखा नाही. त्याला आवाज नसतो. ढगच येऊन अंगणात बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. डब्यातलं मीठ दगड व्हायचं. पापड तव्यावर टाकला तरी मऊच. सनाचे फ्रॉक आठवडा आठवडा वाळायचे नाहीत. मग मी ते इक्बालच्या पिकअपच्या गरम बॉनेटवर पसरायचे. दुकानाच्या पायरीवरून रस्ता दिसायचा नाही, नुसत्या गाड्या ऐकू यायच्या. खरीफ लागायच्या आधी लोक आपापले उंट खाली मैदानात हाकलून न्यायचे, कारण चिखलात उंट घसरतो आणि पाय मोडून बसतो. गाई राहायच्या. त्यांना सुकवलेले तारले खायला घालतात तिथे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी इक्बालला म्हटलं, "अरे, ही तर आमच्या मोहल्ल्यातली गाय. सुकी मासळी खातेय!" आणि हसता हसता मला रडू आलं. ओल्या भिंतीला शेवाळाचा वास यायचा, सुक्या मासळीचा वास यायचा, आणि डोळे मिटले की मी आमच्या घराच्या मागच्या पडवीत असायचे. डोळे उघडले की धुकं.

तिसऱ्या खरीफात ती आली.

सकाळची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. यम्मा काठी टेकत आत आली, फळीवर हात ठेवला आणि एकच शब्द बोलली, "निमर."

इक्बालला वाटलं कुठल्या साबणाचं नाव आहे. तो मागच्या फळ्या धुंडाळायला लागला. यम्माने काठी आपटली. मग बोटं वाकवून पंजा केला आणि तो स्वतःच्या गळ्याला लावला.

बिबट्या. आमच्याकडचं वाघरू.

तिची हिन्ना नावाची तांबूस बकरी गोठ्याच्या भिंतीपासून फर्लांगभरावर पडली होती. गळ्याला दोन भोकं, मांडीचं मांस गेलेलं. चिखलात उमटलेला पंजा तिने मला बोटाने दाखवला. शेजारी वाकून बसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं बकरीसाठी रडतेय. रडत होतीच. पण मध्येच मान वर करून तिने धुक्यातल्या कड्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते नुसतं दुःख नव्हतं. कित्येक वर्षांनी गावातलं कुणीतरी दारात उभं दिसावं, आणि ते माणूस आपलं की वैरी हे आठवू नये, तसं काहीतरी.

दोन दिवसांनी वन्यप्राण्यांचं बघणाऱ्या सरकारी खात्यातला सालिम आला. त्याच डोंगरातला मुलगा, पुढे शिकलेला, फार गोड बोलायचा. त्याने पंजे मोजले, झाडांना कॅमेरे बांधले. निमर पूर्वेकडच्या उंच, कोरड्या कड्यांत राहतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या डोंगरावर मात्र यम्माच्या लहानपणानंतर कुणी पाहिलेला नव्हता.

"ही मादी आहे, तरुण," सालिम म्हणाला. "आता कुणी मारत नाही त्यांना, म्हणून थोडी जगतात. आईच्या डोंगरावर जागा पुरत नाही, मग पोरींना दुसरा डोंगर शोधावा लागतो. ही चालत चालत इथवर आलीय. सगळ्या जगात फार थोड्या उरल्यात, यम्मा. तुझ्या डोंगरावर आली, ही बरकत समज."

"बरकत," यम्मा म्हणाली. "माझी हिन्ना खाऊन आली बरकत."

सालिम हसला नाही. त्याने मुसल्लमला बरोबर घेऊन गोठ्याची भिंत उंच केली, वर जाळी टाकली, दिवा लावला. माणसांच्या आवाजाने निमर लांब राहते म्हणून रात्रभर रेडिओ लावून ठेवायला सांगितला. यम्माला रेडिओवरची ती माणसं अजिबात आवडायची नाहीत. बकऱ्यांची झोपमोड होते म्हणून ती त्यावर घोंगडी टाकायची.

त्याच सुमारास मी अम्मीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडं पण येतंय गो वाघरू आता. आधी नव्हतं. निम्मी घरं कुलपात, अंगणात रान माजलंय. त्याला काय, वाट मोकळीच. शेजारच्यांचं कुत्रं नेलं परवा." मग म्हणाली, "तुम्ही पोरं तिकडं गेलात, ती जनावरं इकडं आली." ती हे सहज बोलली, भाजीचा भाव सांगावा तसं. मी फोन ठेवला आणि बाहेर पाहिलं, तर सना यम्माच्या ओच्याला धरून धुक्यात बकऱ्यांमागे निघाली होती. मी धावत जाऊन तिला उचलून आणलं. त्या दिवसानंतर तिला एकटीला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही.

सना आता कॉलेजात जाते. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते, माझ्याशी अर्धं मराठी. तिला यम्मा आठवत नाही. एकदा बौशरच्या मॉलमध्ये एका ओमानी बाईच्या अंगावरून लोबानाचा वास आला तर जागच्या जागी थांबली. म्हणाली, "अम्मी, हा स्मेल मला माहितेय. पण कुठला ते आठवत नाही." मी सांगायला तोंड उघडलं, आणि बकऱ्या कुठल्या, धुकं कुठलं, सुरुवात कुठून करायची तेच सुचेना.

गोठा तर पक्का केला. पण बकरीला चरायला न्यावंच लागतं, आणि खरीफात तर डोंगरभर कोवळं गवत. धुक्यात चार पावलांवरची बकरी दिसत नाही. यम्माचा एक डोळा गेलेला, गुडघे चालत नाहीत. मागे राहिलेली बकरी मागेच राहायची. आठवड्यातून एकदा तरी यम्मा काठी ओढत खाली यायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. मग ती दुकानाच्या पायरीवर बसायची. मी चहा आणायचे. त्या बकरीचं नाव घेऊन ती मला तिची खोड सांगायची. ही धार काढताना लाथ मारायची. हिला पावसाची भीती. हिच्या आईच्या आईची आई माझ्या लग्नात आलेली बकरी होती.

मुसल्लम दर शुक्रवारी यायचा. वर्षानुवर्षं तो आईला शहरात चल म्हणून विनवत होता, आणि ती वर्षानुवर्षं एकच उत्तर देत होती: बकऱ्यांना कोण बघणार? आता दर शुक्रवारी एक बकरी कमी. तो गोठ्याभोवती एक फेरी मारायचा, जाळी ओढून बघायचा, आणि खाली रस्त्यावर येऊन इक्बालजवळ उभा राहायचा. एकदा म्हणाला, "बकऱ्या संपल्या की ही संपेल, इक्बाल. मला दिसतंय ते."

एका शनिवारी सकाळी यम्माने माझं दार वाजवलं. हातात दुकानातलं फावडं होतं. "चल," म्हणाली. सनाला इक्बालजवळ देऊन मी निघाले. ती मला ओहोळाच्या कडेने वर घेऊन गेली. धुकं इतकं दाट की मी तिच्या पाठीवरच्या काळ्या वस्त्राकडे बघत चालत होते. एका जंगली उंबराखाली अर्धी खाल्लेली बकरी होती, आदल्या दिवशीची. यम्माने काठीने तिची मांडी उचलून दाखवली. मांसाला चिरा पाडून आत पांढरी पूड भरलेली होती.

मला आधी कळेना. मग कळलं आणि हात आपोआप मागे गेले.

"मुसल्लम," यम्मा म्हणाली. "काल आला होता. मला वाटलं उंबरं वेचायला वर गेलाय."

आम्ही दोघींनी खड्डा खणला. जमीन वर चिखल नि खाली दगड. ती काठीने दगड उपसायची, मी माती काढायचे. दोघींचे श्वास आणि फावड्याचा आवाज, एवढंच जग उरलं होतं. बकरी पोत्यात घालून आत ढकलली, वर दगड लोटले. ओहोळाच्या पाण्यात तिने माझे हात मनगटापर्यंत धरून चोळले, लहान मुलाचे धुवावेत तसे. पुन्हा पुन्हा. साबण नव्हता, ओहोळातल्या वाळूने धुतले, मग घरी येऊन साबणाने.

तिथेच, पाण्याशी बसून, तिने मला सांगितलं. या डोंगरावरचा शेवटचा निमर तिच्या वडिलांनी मारला होता. बंदूक घेऊन, समोर उभं राहून. ती तेव्हा लहान होती. कातडं दारात टांगलं. बायकांनी आनंदाने ललकाऱ्या दिल्या. तिनेही दिली. "दुसऱ्या दिवसापासून वरून आवाज यायला लागला. लाकूड कापावं तसा. दुसरी होती, जोडीची. ती हाका मारत होती. मी आईला विचारलं, ती काय म्हणते? आई म्हणाली, काम कर. पुष्कळ दिवस चाललं. मग थांबलं. मग माझं लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, रस्ता आला, वीज आली. पुन्हा कधी तो आवाज नाही."

"आणि आता?"

"आता मला दिसतही नाही, तेव्हा आली."

"तुला तिचा राग नाही येत, यम्मा? तुझी हिन्ना नेली, एवढ्या सगळ्या नेल्या."

"येतो," ती म्हणाली. "फार येतो. समोर आली तर दगड मारीन. पण माझा बाप निमरासमोर उभा राहिला होता. आणि माझा मुलगा विष पेरून शहरात झोपायला गेला."

मुसल्लमला तिने त्याच दुपारी बोलावून घेतलं. दुकानातच. इक्बालने आडोशाला जायला पाहिलं तर यम्मा म्हणाली, "तुम्ही थांबा." बोलणं त्यांच्या भाषेत सुरू झालं, मग मुसल्लम एकदम अरबीत आला, जणू आम्हाला साक्षी ठेवायचं होतं.

"मी हे कोणासाठी केलं? माझ्यासाठी? तू म्हणतेस डोंगर सोडणार नाही, बकऱ्या आहेत. बकऱ्या राहाव्यात म्हणून केलं. पकडलं असतं तर तुरुंगात गेलो असतो, तरी केलं. मग तूच सांग, यम्मा. मी काय करू?"

यम्माने फळीवर दोन्ही हात ठेवले. ते अजून ओले असल्यासारखे दिसत होते.

"बकऱ्या विक," ती म्हणाली.

"काय?"

"विक. खलास. मी येते शहरात."

किती वर्षं त्याने हे वाक्य मागितलं होतं. आणि ते मिळालं तेव्हा तो माणूस असा उभा राहिला, जणू कोणी थोबाडीत मारली. म्हणाला, "यम्मा, रागाने बोलू नकोस." ती म्हणाली, "रागाने नाही." आणि बाहेर धुक्यात निघून गेली. तो तिच्या मागे गेला नाही. बिस्किटांच्या खोक्यावर बसला आणि तोंड पदरात लपवावं तसं डोक्याच्या फडक्यात लपवलं.

आजही मी पुष्कळदा शोधते, या सगळ्यात वाईट कोण होतं? सालिम नव्हता. मुसल्लम नव्हता, विष घातलं तरी नव्हता. ती डोंगरात आलेली तरुण मादी तर नव्हतीच, तिला कुठेतरी राहायचं होतं. मीही घर सोडून दुसऱ्याच्या डोंगरावर राहायला आलेली बाई. कुणावर तरी राग धरता आला असता तर हे दुःख एव्हाना जुनं झालं असतं. ते तसं होत नाही. दर जूनमध्ये ओलं होतं.

ट्रक आला तो दिवस मात्र लख्ख होता. खरीफ सरायला आला होता, धुकं वर गेलेलं, डोंगर असा हिरवा की डोळ्यांना सहन होऊ नये. खालच्या बाजारातली दोन माणसं आली होती. "यल्ला, यल्ला," करत ती बकऱ्यांना पायाला धरून वर चढवायला लागली. यम्माने त्यांना हाताने बाजूला केलं. एकेक बकरी तिने स्वतः फळीवर चढवली. प्रत्येकीच्या कानाशी काहीतरी बोलली. मी शेजारी दोर धरून होते, पण ती तिची भाषा, मला काय कळणार? एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. नंतर मुसल्लमला विचारला. तो म्हणाला, "त्याचा अर्थ, ऊठ, चल, उजाडलं."

ट्रक गेला. ती घरात गेली. मला वाटलं झोपेल. ऊन कलल्यावर मी डबा घेऊन गेले तर ती लाकडी भांडं घेऊन गोठ्यात बसली होती. धारेची वेळ झाली होती. हात जातील कुठे? मी तिच्याशेजारी बसले. जमीन अजून गरम होती, बकऱ्या बसतात तिथे असते तशी. आम्ही दोघी काळोख पडेपर्यंत बसलो.

शहरातलं घर चांगलं होतं. दुसरा मजला, गालिचे, एसी. मुसल्लमची बायको तिला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपायची. पण यम्मा खाटेवर झोपायची नाही, खिडकीखाली जमिनीवर आडवी व्हायची. आम्ही महिन्यातून एकदा जायचो. गेल्या गेल्या ती विचारायची, "दिसली?"

"नाही, यम्मा. कुणालाच दिसत नाही ती."

एकदा आम्ही असतानाच सालिम आला. झाडाच्या कॅमेऱ्यात तिचा फोटो आला होता. त्याने फोन यम्माच्या हातात दिला. यम्माने तो चांगल्या डोळ्याजवळ नेला, इतका की काचेला पापण्या लागल्या. फोटोत पहाटेचा उजेड होता. एका खडकावर ती बसलेली, अंगावर ठिपके, मान वळवून मागे बघत होती.

किती वेळ तरी यम्मा बघत राहिली. मग म्हणाली, "बारीक आहे."

"तरुण आहे ना," सालिम म्हणाला.

"नाही. उपाशी आहे. कुशी बघ तिच्या." तिने फोन खाली ठेवला. "मी बकऱ्या नेल्या. आता ती काय खाणार?"

सालिम आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाहीये. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि समजावत राहिला: रानबकरे आहेत, खडकांत सशाएवढी जनावरं आहेत, साळिंदर आहेत, यम्मा, तिच्या पोटाला पुष्कळ आहे. ती मान हलवत राहिली. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिने मला जवळ ओढून हळूच विचारलं, "शिळं मटण उरतं का तुमच्याकडे?"

बकऱ्या गेल्या, यम्मा गेली, मग बाकीची घरंही एकेक करून खाली उतरली. कुणाला शाळा हवी होती, कुणाला दवाखाना. दुकानाला गिऱ्हाईक राहिलं नाही, खरीफातले पर्यटक सोडले तर. मुसल्लमने इक्बालसाठी मस्कतमध्ये एका ओळखीच्याकडे शब्द टाकला. आम्ही सामान बांधत होतो, तेव्हा पुढचा खरीफ लागला होता, आणि एका सकाळी मुसल्लमचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. इक्बालने नुसतं "इन्ना लिल्लाही" म्हटलं, कुणी गेलं की म्हणतात ते, आणि माझ्याकडे पाहिलं.

यम्माने सांगून ठेवलं होतं, मला वर डोंगरावरच पुरा, माझ्या बापाशेजारी. गाड्या धुक्यातून दिवे लावून चढल्या. बायकांनी जनाज्यामागे कबरस्तानात जायचं नसतं. आम्ही तिच्या रिकाम्या घरात बसलो, भिंतींना टेकून, पाच-सहा जणी. कुणीतरी लोबान लावला. वरच्या उतारावर पुरुषांचे आवाज जात होते, दिसत कुणीच नव्हतं. मग आवाजही पुसट झाले आणि दगडावर दगड पडल्याचं तेवढं ऐकू येत राहिलं. मला वाटलं, आता थांबेल. थांबेना. माझ्या शेजारच्या म्हातारीने मान वर करून ऐकलं, आणि पुन्हा खाली घातली.

पुरुष उतरले तेव्हा चिखलाने भरलेले होते. मुसल्लमच्या बोटांतून रक्त येत होतं. तो सरळ गाडीत जाऊन बसला. परतताना इक्बाल गाडी अगदी हळू चालवत होता, काच पुसत. मी विचारलं, "इतका वेळ का लागला?"

"कबर बुजवून झाली होती," तो म्हणाला. "वर दगडही रचून झाले. सगळे हात झटकून उभे राहिले, तर मुसल्लम म्हणतो, अजून आणा. आम्ही आणले. म्हणे, अजून. मोठे आणा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सालिमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, भाई, पुरे. निमर कबरीला तोंड लावत नाही. कधीच नाही. तुझ्या आईलाही हे माहीत होतं."

"मग?"

"'मलाही माहीत आहे,' म्हणाला. आणि खाली वाकून पुढचा दगड उचलला."